उचलू नका, फळी लावा

पहिला अर्ज मी सातवीत असताना लिहिला. माझं अक्षर वळणदार, म्हणून गल्लीतल्या कुणालाही कचेरीत काही द्यायचं असलं की मला हाक यायची. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की’ इथपर्यंत सगळं पाठ होतं. त्या दिवशी आक्का तिच्या घरापुढच्या नव्या उताराच्या वळणावर चाकांची खुर्ची लावून बसली होती आणि मी तिच्या चाकाशी, मांडीवर वही घेऊन. एका दमात लिहिलं आणि वाचून दाखवलं : “मी एक अभागी अपंग महिला असून…”

“अभागी खोड,” आक्का म्हणाली.

“कामून? बाबा म्हणतेत, असं लिहिलं की साहेबाला दया येतीय.”

“दया आली तर साहेब पाच रुपये दील आन् जा म्हणंल. मला पंचायतीच्या हाफिसाला उतार पायजे.”

मी ‘अभागी’ खोडलं. तिनं कागद हातात घेतला, ओळीवरून बोट फिरवलं आणि परत माझ्याकडं दिला. “‘एक’ बी खोड. मी काय एकली हाय का?”

मग ती बोटांवर मोजायला लागली. भूकंपात गुडघ्याखाली पाय गेलेला सुतार. दोन्ही डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी. पोलिओचं पोरगं. ऐकू न येणारी एक सून, जिचं नाव कुणी घ्यायचंच नाही, सगळं गाव तिला ‘मुकी’ म्हणायचं. असे सात जण निघाले. अर्जाचं पहिलं वाक्य झालं, ‘आम्ही गावातील सात अपंग रहिवासी असून’. त्यातल्या सहा जणांना आपल्या वतीनं अर्ज निघालाय याचा पत्ताही नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आक्का त्यांच्या घरी जायला लागली. चाकं जिथवर जात तिथवर जायची, आणि पायरी आली की तिथं थांबून मोठ्यानं हाक मारायची.

आज पाच-पन्नास गावांत तिला लोक नुसतं आक्का म्हणून ओळखतात. तिच्यावर लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाली, “लिही. पण नाव नको टाकूस. नाव आलं की लोक माझंच कौतुक करत बसतेत, आन् उतार राहतो बाजूला.” म्हणून इथं ती आक्काच.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी चौथीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा अंथरुणाला टेकलेले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर, गळू नये म्हणून वर्षामागून वर्षं आणखी चढवत नेलेला. वैशाखात त्या घरांइतका गारवा कुठं मिळायचा नाही. त्याच मातीनं आणि त्याच दगडांनी माणसं गाडली. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यात माझी आजी होती.

आक्का तेव्हा वीस वर्षांची. भिंत तिच्या पाठीवर आली. तिचा थोरला भाऊ, त्याला आम्ही सगळेच दादा म्हणतो, आणि शेजारचे तिघं यांनी अंधारात हातांनी दगड उपसले. दादानं तिच्या काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, तिसऱ्यानं वाट मोकळी केली, आणि तिला उचलून रस्त्यावर आणलं. तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. आक्काला आठवतं ते एवढंच, की उचलताना पाठीतून कळ गेली आणि त्यानंतर कमरेखाली काही उरलंच नाही, ना दुखणं ना थंडी.

शहरातल्या एका दवाखान्यात ती महिनाभर होती. घरी पाठवताना कुणीही सांगितलं नाही, की अंगाची जाणीव गेलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. तेव्हा आम्ही सगळेच पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, उन्हाळ्यात आत भट्टी. तिच्या पाठीला आणि माकडहाडाला जखमा झाल्या, त्या हाडापर्यंत गेल्या. दुखत नव्हत्या, म्हणूनच वाढल्या. तिची आई मिठाच्या पाण्यानं धुवायची आणि तोंडात पदर कोंबून रडायची. ठरलेली सोयरीक त्याच दरम्यान मोडली. आक्का त्यावर याहून जास्त कधी बोलली नाही, तेव्हा मीही इथंच थांबते.

१९९५ मध्ये तिला पुण्याच्या एका पुनर्वसन केंद्रात जागा मिळाली. जखमा तिथं भरल्या. तिथंच ती शिकली, की खुर्चीत बसलं तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचं, म्हणजे कातडीला रक्त पोचतं. लघवी साठू द्यायची नाही, नाहीतर मूत्रपिंडांवर येतं. पाणी कमी करायचं नाही. उताराचं गणितही तिथलंच : एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. आणखी एक गोष्ट ती तिथं शिकली, जी तिनं गावात येऊन कित्येक वर्षं कुणाजवळ काढली नाही. तिच्याकडं मी शेवटी येईन.

भूकंपानंतर ५२ गावं मुळापासून नव्या जागी वसवली, त्यातलं एक आमचं. चौकटीची आखणी, सरळ रुंद रस्ते, सिमेंटची घरं. आमच्या माणसांना हे गाव फार दिवस मानवलं नाही. जुन्या गावात भावकी एका बोळात असायची, एकीनं फोडणी दिली की दुसरीला ठसका लागायचा. नव्या गावात घरं नंबरानं मिळाली आणि माणसं पांगली. सगळे रस्त्यांना नावं ठेवायचे, तेव्हा आक्का एकटी म्हणायची, “रस्ता बेस हाय.” तिच्या खुर्चीला असा रस्ता जुन्या गावात मिळालाच नसता.

पण रस्त्यावर यायचं कसं? घराचं जोतं दोन फूट उंच, पुढं तीन पायऱ्या. पुण्याहून आणलेली चांगली खुर्ची आठ महिने घरातल्या घरात फिरली. तिला खाली न्यायला दोन धडधाकट माणसं लागत, आणि सुगीच्या दिवसांत आमच्याकडं दोन माणसं एका वेळी मोकळी कुठून असणार? कुणी नाही म्हणत नव्हतं. सगळे म्हणायचे, “हाक मार की, उचलून नेतो.” आक्का हाक मारायची नाही. मला तेव्हा ती मानी वाटायची. दिवसातून चार वेळा कुणाच्या तरी हातांत आपलं सगळं अंग द्यायचं, पदर सरकला तर सावरायला हात मोकळा नाही, उचलणाऱ्याच्या घामाचा वास नाकात, आणि वरून त्याचे उपकार, हे काय असतं ते कळायला मला स्वतःचं वय व्हावं लागलं.

मग दादानं उतार बांधायचं मनावर घेतलं. गवंडी म्हणाला, “सहा फुटांत करून देतो, मोटारसायकल सुसाट चढंल.” आक्कानं टेप मागवला. दोन फुटांचं जोतं, म्हणजे चोवीस फूट. अंगण तेवढं लांब नव्हतं, म्हणून बारा फुटांवर खुर्ची वळेल एवढी सपाट जागा ठेवून उतार उलटा फिरवला. कडेला चार इंचांचा बांध, चाक घसरू नये म्हणून. दगड दादानं जुन्या गावातून, पडलेल्या घरातून बैलगाडीनं आणले. ते कोणत्या भिंतीचे होते हे दादाला ठाऊक होतं, आक्कालाही. त्यावर दोघं बोलले नाहीत.

त्या उतारावरून आक्का खाली उतरली आणि तिला कळलं, की गावात जाण्यासारखं ठिकाणच नाही. पंचायतीला चार पायऱ्या, रेशनच्या दुकानाला दोन, दवाखान्याला पाच, शाळेला तीन. अर्ज लिहायला मला बोलावलं ते यानंतरच्या आठवड्यात.

त्या सात जणांतला पोलिओचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. दोन्ही हातांत चपला घालून तो बसल्या बसल्या सरकत चालायचा. त्याच्या आईचं एकच दुःख, “तापच आला व्हता. मीच नेला दवाखान्याला. सुई दिली आन् पाय गेला.” मराठवाड्यात या एका वाक्यावर किती आया झुरल्या असतील. पाय जातो तो पोलिओच्या विषाणूनं. पण विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली, तर त्याच पायाला लुळेपणा येण्याची शक्यता वाढते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. त्या काळी मात्र साध्या तापालाही सुई दिली जायची, आणि सुई दिल्याशिवाय डॉक्टर चांगला ठरायचा नाही. आक्कानं हे पुण्यात नीट समजून घेतलं होतं. ती त्या बाईच्या दारात तासभर बसली आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिली, “तू नेला नसता तर तापानं गेला असता. तुझ्या हातून पाप नाही झालेलं, माय.”

शाळेनं त्याला घेतलं नव्हतं. कारण सांगितलं होतं, “पडला-झडला तर जबाबदारी कुणाची?” हे मला पुढं फार वर्षांनी पुन्हा आठवलं. अमेरिकेतल्या ज्युडी ह्यूमन यांच्याविषयी वाचत होते. लहानपणी पोलिओ झालेला, खुर्चीवरून शाळेत आल्या तर मुख्याध्यापकांनी सांगितलं, आग लागली तर ही मुलगी अडथळा होईल. मोठ्या झाल्यावर शिक्षिकेचा परवानाही त्याच कारणानं नाकारला, आणि १९७० मध्ये त्यांनी न्यायालयात जाऊन तो मिळवला. न्यूयॉर्क आणि आमचं गाव, भाषा वेगळी, पण दार बंद करताना काळजीचाच आधार घेतलेला. १९७७ मध्ये ह्यूमन आणि त्यांच्यासोबत शंभरावर अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसली, अपंगांच्या हक्काच्या कलमाच्या नियमांवर मंत्र्यांची सही होईपर्यंत.

हे मी आक्काला वाचून दाखवलं. तिनं लगेच विचारलं, “इतके दिवस त्यांना खायला कुणी घातलं?” मी आणखी शोधलं. ब्लॅक पँथर या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी रोज गरम जेवण पोचवलं होतं. आक्का खुर्चीत ताठ झाली. “पँथर? आपल्या पँथरवाल्यांसारखे?” मी म्हटलं, हाव, आपल्या दलित पँथरनं १९७२ ला नाव त्यांच्यावरूनच घेतलं. नामांतराच्या चळवळीत होरपळलेल्या मुलखात वाढलेल्या बाईला याहून जास्त समजावून सांगावं लागलं नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ज्याला दाराबाहेर ठेवलंय त्यालाच दुसऱ्याची भूक कळती.”

त्या मुलाला शाळेत घेतलं तिसऱ्या अर्जानंतर. पंचायत समितीपर्यंत जावं लागलं. पुढं पल्स पोलिओच्या एका रविवारी बूथवरच्या कुणीतरी सुचवलं, की या पोराला समोर बसवा, म्हणजे आयाबाया बघून धास्ती घेतील आणि डोस पाजतील. आक्का इतकी चिडलेली मी क्वचित पाहिली. “तो बुजगावणं हाय का?” तिनं त्याच्या हातात काळा पेन दिला आणि डोस झालेल्या बाळांच्या करंगळीवर खूण करायचं काम त्याला लावलं. दिवसभर तो एकेक बोट हातात घेऊन, जीभ बाहेर काढून, मन लावून खूण करत होता. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा मला त्या करंगळ्या आठवल्या. आता तो लातुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकानाला पायरी नाही.

‘एक खोड’ म्हणून तिनं मोजायला सुरुवात केली, त्या मोजण्याची थोरवी मला २००१ च्या जनगणनेत कळली. १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. जावेद आबिदी नावाचे एक गृहस्थ, स्वतः खुर्चीवर असलेले, दिल्लीत त्यासाठी झगडले आणि २००१ मध्ये तो प्रश्न परत आला. १९९५ चा अपंगांचा कायदा संसदेत व्हावा म्हणून धरणं धरणाऱ्यांतही तेच पुढं होते. मी तेव्हा लातूरला शिकत होते. आक्काच्या सांगण्यावरून त्या कायद्याची मराठी प्रत मिळवली, झेरॉक्स काढली. तिनं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुर्चीच्या मागं अडकवली आणि तोंडपाठ केली : अपंगत्वाचे सात प्रकार, नोकरीत तीन टक्के, चाळीस टक्क्यांचा दाखला. २०१६ च्या नव्या कायद्यानं प्रकार एकवीस केले आणि नोकरीतलं आरक्षण चार टक्क्यांवर नेलं, तेव्हा पिशवीतली प्रत बदलली. नावही बदललं, आता ती अर्जात ‘दिव्यांग’ लिहायला सांगते. त्या शब्दाबद्दल तिचं मत विचारलं तर म्हणते, कायद्यात जो शब्द तोच अर्जात, नाहीतर कारकून कागद परत करतो.

जनगणनेचे गुरुजी गावात फिरत होते तेव्हा आक्का त्यांच्या मागं गल्लोगल्ली फिरली. घरचे लोक सांगत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. लग्नाची मुलगी असेल तर दाबूनच ठेवतात, धाकटीचंही जमणार नाही म्हणून. ती ओट्याखालून म्हणायची, “वहिनी, आतली पोर मोजा. मोजली नाही तर सरकारला वाटंल ती जगातच नाही.” सातांचे अकरा झाले. त्यातली एक सोळा वर्षांची मुलगी मी जन्मल्यापासून त्याच गावात राहून कधी पाहिलेली नव्हती. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. एवढा मोठा आकडा डोळ्यांपुढं येत नाही. मला त्यात ती दाराआडची मुलगी दिसते, आणि प्रत्येक गावात अशी एखादी अजून आत असेल असं वाटत राहतं.

आक्काच्या पिशवीत कायद्याशेजारी टेप असतो. कोणत्याही कचेरीत गेली की आधी उतार मोजते. पुष्कळ ठिकाणी उतार असतो, पण गवंड्यानं मोटारसायकलचाच केलेला असतो. चार फुटांत दीड फूट चढवलेला, वर फरशी गुळगुळीत. अशा उतारावर खुर्ची मागं पलटते, डोकं फुटतं. ती मापं सांगते, मी लिहून घेते, अर्ज जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सांगितलं, की सार्वजनिक जागा सुगम करण्याचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते सक्तीचे करा. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत. आक्कानं ती बातमी कापून पिशवीत ठेवली आहे.

उतार मोजला की दुसरा प्रश्न, “संडास कुठं हाय?” याच्यामागचं कारण तिनं मला एका मोर्च्यात दाखवलं. तहसीलसमोर उन्हात दीडशे-दोनशे अपंग माणसं बसली होती, चाळीसेक बाया. कुणीतरी पाण्याचे जार आणले. गडी माणसं ग्लास भरभरून पीत होती आणि बाया ग्लास पुढच्याकडं सरकवत होत्या. एकीनंही पाणी घेतलं नाही, चहा नाही. “सकाळपासून घोट नाही घेतला यांनी,” आक्का हळूच म्हणाली. “प्यायल्या तर जायचं कुठं?” आदल्या रात्रीचं जेवणही कित्येकींनी सोडलेलं होतं. त्यातून लघवीचे आजार होतात, मूत्रपिंडं बिघडतात. मी स्वतः बाई आहे, प्रवासात पाणी कमी पिण्याची सवय मलाही आहे, पण चालत्या पायांनी निदान आडोसा तरी शोधता येतो. सरकारी योजनेतून घरोघरी संडास झाले, त्यांची दारं पुष्कळदा चोवीस इंचांची. आक्काची खुर्ची सव्वीस इंचांची. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात, याचा हिशेब तिनं ग्रामसभेत उभ्या गावासमोर मागितला आणि त्या पैशांतून सहा घरांच्या संडासांची दारं रुंद करून घेतली, आत धरायला लोखंडी दांडा बसवला. भाषणात टाळ्या मिळतील असं हे काम नाही. त्या सहा घरांतल्या बाया आता पोटभर पाणी पितात.

एसटीच्या तिकिटात अपंगांना ७५ टक्के सवलत आहे आणि बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर आहे. यावरचे तिचे अर्ज अजून चालू आहेत.

आता माझी गोष्ट. मी शिक्षिका झाले. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला आमच्या शाळेत आक्काचा सत्कार ठेवावा, हे मीच सुचवलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र मी स्वतः लिहिलं, चार रात्री जागून. आक्का आली, आणि मंच साडेतीन फुटांचा. मी दहावीची चार मुलं आधीच सांगून ठेवली होती, खुर्चीसकट वर न्यायला. मुलं आनंदानं धावली, खुर्चीला चारी बाजूंनी हात घातले. आक्काच्या चेहऱ्याकडं मी तेव्हा पाहिलं. तिनं चाकं घट्ट धरली होती.

“नगं, लेकरांनो,” ती म्हणाली. “मी हितंच बरी.”

वीस वर्षं तिचे अर्ज लिहिणारी मी. ‘उतार करून मिळणेबाबत’ हे शब्द माझ्या हातानं शेकडो वेळा लिहिलेले. आणि माझ्या शाळेत तिला बोलावताना मला उतार सुचला नाही, उचलणारी मुलं सुचली. प्रेमापोटीच सुचली होती. हेच मला अजून टोचतं. पाहुणे मंचावरून खाली उतरले, सत्कार खाली झाला, मानपत्र मी वाचलं तेव्हा माझा आवाज धड निघत नव्हता. ती जाताना म्हणाली, “अक्षर अजून तसंच हाय तुझं.” दुसऱ्या दिवशी मी मंच मोजला. साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस फूट उतार. सभागृहात जागा नव्हती, म्हणून मंच कापून फुटावर आणला. त्याला दोन वर्षं लागली.

आणि दादा.

पुण्यात आक्का जी गोष्ट शिकली होती ती ही : पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला काखेत आणि पायाला धरून उचलायचं नसतं. हाडाचे तुकडे सरकतात आणि उरलासुरला मज्जारज्जू तुटू शकतो. मान सरळ धरायची, चौघांनी मिळून अंग ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं, खाली फळी सरकवायची, दार काढून आणलं तरी चालतं, आणि मग फळी उचलायची. तिनं तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं, माझे पाय भिंतीनं गेले की उचलल्यानं? ते म्हणाले, आता कुणालाच सांगता येणार नाही. आक्कानं हे गाठीला बांधलं आणि गावाकडं आली. दादा तिचा भाऊ, तिला दगडांखालून काढणारा, तिच्यासाठी लग्न दहा वर्षं लांबवणारा. त्याला कसं सांगणार? इतकी वर्षं ती सगळ्यांना सगळं शिकवत राहिली, एवढं एक सोडून.

मग आमच्या रस्त्यावर जीप उलटली. ऊसतोडीला निघालेली माणसं होती. लोकांनी धावून एका पोराला तसंच काखेत-पायात धरून उचललं. ते पोरगं आज आक्कासारखंच खुर्चीवर आहे. त्या रात्री आक्कानं दादाला समोर बसवून सांगितलं. “तवा कुणाला ठाऊक व्हतं, दादा? पण आता ठाऊक असून गप बसले तर ते पाप माझं.” दादा काही बोलला नाही. उठून बाहेर गेला आणि उताराच्या वळणावर बराच वेळ बसून राहिला, असं वहिनींनी मला सांगितलं.

त्या वर्षी ३० सप्टेंबरला, भूकंपाच्या स्मरणदिनी, शाळेत आक्कानं पहिल्यांदा ते शिकवलं. नववी-दहावीची मुलं, तरुण मंडळ, अंगणवाडीच्या ताई. जुनं दार आणलं होतं. जखमी म्हणून झोपायला कुणीतरी हवं होतं, मुलं लाजत एकमेकांना ढकलत होती. मागं भिंतीला टेकून उभा असलेला दादा पुढं आला, टोपी काढून बाजूला ठेवली आणि जमिनीवर उताणा पडला. साठी उलटलेला माणूस. एका मुलीनं त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. आक्का सांगत होती, “मान हलू देऊ नको बाळ. एक, दोन, तीन, सगळ्यांनी संगं.” त्याला कुशीवर घेतलं, दार सरकवलं, अलगद परत टेकवलं, आणि उचललं. दादाचे डोळे मिटलेले होते. कडांनी पाणी कानांत उतरत होतं, आणि ती मुलगी दोन्ही हात अडकलेले म्हणून ते पुसू शकत नव्हती.

त्याच डिसेंबरात येळवस आली. आमच्या लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला गाव रिकामं होतं. माणूस, पोर, पाव्हणा सगळे शेतात. कडब्याची कोप, तिच्यात पांढरे रंगवलेले दगड, भज्जी, उंडे, आंबिलाची बिंदगी. भूकंपानंतर आक्का येळवशीला घरीच राहायची. पांदणीच्या काळ्या मातीत चाक रुततं. संध्याकाळी कुणीतरी डबा आणून द्यायचं. रिकाम्या गावात दिवसभर कुत्री आणि ती, हे मला आम्ही शेतात जेवताना आठवायचं आणि मग मी विसरून जायचे.

या वेळी सकाळीच दादाच्या दारात बैलगाडी उभी होती. गाडीला मागून दोन लांब फळ्या लावलेल्या, खालून दगडांनी अडवलेल्या, बाजूंना पट्ट्या ठोकलेल्या. सुतारानं केल्या होत्या, त्या सात जणांतल्या सुतारानं. आक्का उतारावरून खाली आली, फळ्यांकडं पाहिलं, टेप काढला नाही. खुर्ची मागून ढकलायला दोघं पोरं लागली आणि चाकांवर जोर तिचा स्वतःचा. एक चाक मध्येच अडलं. खुर्ची फळीवर जागच्या जागी थांबली, एक क्षण मागं येईल असं वाटलं. सगळ्यांचे हात आपोआप पुढं झाले.

दादा बैलांजवळ उभा होता. त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले आणि बोटांत बोटं घट्ट अडकवली. आक्कानं श्वास घेतला, चाकाला हात घातला, आणि वर गेली.